पहिली ते चौथीसाठी मराठी वाचनाचं ॲप निवडायचं आहे, नेमकं काय काय तपासावं?

डिचोली_प्राथमिक

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी मिळून २३ मुलं, शिक्षक दोन. पालक-शिक्षक संघाच्या प्रयत्नांतून ५ टॅब मिळणार आहेत: ८ इंची, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. शाळेत वायफाय नाही, गरज पडली तर शिक्षकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही.

निम्म्याहून अधिक मुलं घरी कोकणी बोलतात, तीन मुलांच्या घरी कन्नड. तिसरीतल्या मुलांना अक्षरं येतात पण जोडाक्षर आलं की गाडी अडते. चौथीतली काही मुलं भराभर वाचतात, पण काय वाचलं विचारलं तर गप्प.

आतापर्यंत तीन नावं पुढे आली आहेत. गूगलचं रीड अलाँग, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, आणि एक पैसे भरून घ्यायचं ॲप. त्याचा विक्रेता येऊन दाखवतो म्हणतो. दोन्ही शिक्षकांनी मिळून आठवडाभरात तपासून होईल अशी पद्धत हवी आहे. कुठलं ॲप चांगलं यापेक्षा आमच्या मुलांसाठी चांगलं कोणतं हे ओळखायचं कसं, ते सांगा.

---

फोंडा_वाचनवर्ग

बाई, आधी ही तिन्ही एका रांगेत उभी करू नका, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. स्टोरीवीव्हर हे पुस्तकालय आहे. रीड अलाँग मूल मोठ्याने वाचतं ते ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. तिसरा प्रकार अक्षरओळखीच्या खेळांचा, पैसे भरायची बरीच ॲप्स त्यात मोडतात. तिसरीच्या जोडाक्षरांना आणि चौथीच्या न समजता वाचण्याला औषध एकच असणार नाही. म्हणून कुठल्या मुलासाठी काय शोधतोय ते पहिल्यांदा कागदावर लिहा.

मग सहा मुलं निवडा. दोन अक्षरांवर अडलेली, दोन शब्द वाचणारी, दोन सलग वाचणारी. ॲप उघडण्याआधी प्रत्येकाचं वाचन छापील कागदावर तपासा. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणातल्या चाचणीत असतात तशा चार पायऱ्या पुरतात: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. उतारा मुलाने कधी न पाहिलेला हवा. पाठ्यपुस्तकातला धडा चालत नाही, निम्म्या मुलांना तो पाठच असतो.

सलग वाचणाऱ्यांचं एक मिनिट मोजा. मोबाइलवर वेळ लावा, तुमच्या हातात त्याच उताऱ्याची दुसरी प्रत आणि पेन्सिल. चुकलेल्या, गाळलेल्या शब्दावर रेघ. स्वतःहून सुधारला तर बरोबर धरा. एका शब्दावर तीन सेकंद थांबलं तर शब्द सांगा, तो चूक मोजा आणि पुढे चला. मिनिट संपलं की वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या शेवटी अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अनोळखी मजकुरातले, असं लक्ष्य आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पण लगेच तीन प्रश्न विचारा: एक उताऱ्यात सरळ सापडणारा, एक 'का' असा, एक 'पुढे काय होईल' असा. ६० शब्द वाचून तिन्ही प्रश्नांना गप्प राहणाऱ्या मुलाला वेगाचं ॲप देऊन काही साधणार नाही.

यानंतर ॲप. प्रत्येक मुलाला २० मिनिटं. तुम्ही शेजारी बसा, काही शिकवू नका, फक्त बघा. पाच गोष्टी मुद्दाम करायच्या.

आवाज बंद करा. मूल पुढे वाचतं का थांबतं? आवाज गेल्यावर जे थांबतं ते वाचत नव्हतं, ऐकत होतं. पुष्कळ ॲप्समध्ये वाक्य आपोआप वाचलं जातं आणि शब्द रंगत जातात. त्या वेळी मुलाची नजर बघा, ती बहुतेक चित्रावर असते. स्वयंचलित वाचन बंद करायची सोय नसेल तर ते ॲप ऐकण्यापुरतं ठेवा.

चित्रावर कागद धरा. पहिलीच्या पुस्तकात 'हत्ती' हा शब्द चित्रावरून ओळखणं स्वाभाविक आहे, पण प्रत्येक पानावर तसंच होत असेल तर अक्षरांकडे बघायची गरजच उरत नाही.

मुद्दाम चुकीचं वाचा. एकदा गप्प बसा, एकदा भलतंच बोला, एकदा एक शब्द गाळा. या तिन्हींना ॲप 'शाब्बास' म्हणत असेल तर पुढचं तपासायची गरज नाही.

चूक झाल्यावर ॲप काय करतं ते बघा. लगेच पूर्ण शब्द सांगणारं ॲप मुलाला वाट बघायला शिकवतं. 'वाऱ्याने' अडला तर 'वा', 'ऱ्या', 'ने' असे तुकडे दाखवून मग जोडू देणारं ॲप तुमच्या तिसरीला उपयोगी.

प्रश्नमंजुषा गोष्ट न वाचता सोडवा. स्वतः बसा, गोष्ट वगळा, थेट प्रश्नांवर जा. पाचांतले तीन-चार तर्कानेच बरोबर आले तर त्या गुणांवरून आकलन कळणार नाही.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी: २० मिनिटांनंतर त्या गोष्टीतले दहा शब्द कोऱ्या कागदावर उलटसुलट क्रमाने लिहून मुलापुढे ठेवा. टॅबवर फाडफाड वाचणारं मूल इथे चार शब्दांवर अडलं तर गोष्ट पाठ झाली, वाचन आलं नाही. दोन दिवसांनी तेच दहा शब्द पुन्हा विचारा. विक्रेत्याच्या ॲपमधल्या प्रगतीच्या तक्त्यापेक्षा (डॅशबोर्ड) हा कागद खरा.

---

सत्तरी_तंत्र

वरचं सगळं पटलं. मी यंत्राच्या बाजूने सांगतो, कारण चांगलं ॲप चुकीच्या टॅबवर किंवा चुकीच्या सेटिंगमध्ये वाया जातं.

अक्षर तपासायला हे वाक्य ॲपमध्ये जिथे लिहिता येईल तिथे टाका, नाहीतर पुस्तकांत असे शब्द शोधा: 'ज्ञानेशने ऑगस्टमध्ये दऱ्यांतल्या तळ्याकाठी कॅमेऱ्याने शंखांचे फोटो काढले आणि ॲल्युमिनियमच्या डब्यातले लाडू खाल्ले.' यात ज्ञ, ऑ, ऱ्य, ळ, कॅ, ॲ, ल, श, ख सगळं येतं. 'ऱ्य'मधला अर्धा र आडवा दिसतो की रफार होऊन 'दर्यांतल्या' असं होतं ते बघा. 'ॲ'च्या जागी चौकोन येत असेल तर टॅबचा फॉन्ट जुना आहे किंवा ॲपने स्वतःचा अपुरा फॉन्ट भरलाय. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदी वळणांपेक्षा वेगळी असतात. मोठ्या माणसाला फरक जाणवत नाही, पहिलीतलं मूल मात्र पुस्तकातला ल आणि टॅबवरचा ल ही दोन वेगळी अक्षरं समजून थांबतं. अक्षराचा आकार वाढवून बघा. वाढवल्यावर शब्द मधेच तुटून पुढच्या ओळीत जातो का? वेलांटी एका ओळीत आणि अक्षर दुसरीत, असंही काही ॲप्समध्ये होतं.

आवाज माणसाने वाचलेला आहे की यंत्राचा, हे विचारा. यंत्राचा असेल आणि टॅबवर मराठी आवाज भरलेला नसेल, तर हिंदी आवाजात मराठी वाचलं जातं. 'ज्ञान'चं 'ग्यान' होतं, ळ ढिला पडतो, 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च एकसारखे येतात. सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा आणि मराठीची आवाजफाइल आधीच उतरवून ठेवा. ती ऑफलाइन मिळत नाही, म्हणून हॉटस्पॉट असतानाच करून टाका.

आता ऑफलाइनची खरी परीक्षा. 'ऑफलाइन चालतं' या वाक्यावर विसंबू नका. पुस्तकं उतरवा, विमान मोड लावा, टॅब पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, मग ॲप उघडा. इथेच काही ॲप्स लॉगिन मागतात आणि अडतात. उघडलं तर दोन मुलांच्या नावाने एकेक गोष्ट वाचा, बंद करा, पुन्हा उघडा, नोंद टिकली का बघा. दुसऱ्या दिवशी इंटरनेट जोडा. ऑफलाइनच्या नोंदी वर चढतात की जुन्या नोंदी येऊन त्या पुसून टाकतात, हे त्याच वेळी कळतं.

साठवणीचं गणित असं. ३२ जीबीतली मोठी जागा यंत्रणाच खाते. ॲप स्टोअरवर दिसणारा आकार फक्त ॲपचा, पुस्तकं आणि आवाज वेगळे. वीस पुस्तकं उतरवून सेटिंग्जमध्ये ॲपची साठवण बघा, त्यावरून शंभर पुस्तकांचा अंदाज बांधा. २ जीबी रॅमवर ॲप उघडायला किती सेकंद लागतात तेही मोजा. अर्धं मिनिट लागत असेल तर पहिलीतलं मूल तेवढ्यात दहा ठिकाणी बोट लावून बाहेर पडलेलं असतं. त्यासाठी ॲप पिनिंग चालू ठेवा, म्हणजे एकाच ॲपमध्ये राहता येतं.

पावसाळ्याचं वेगळं. टॅब पूर्ण उतरून दोन-चार दिवस पडला की काही यंत्रांचं तारीख-घड्याळ मागे जातं. मग इंटरनेट असूनही लॉगिन होत नाही आणि सगळे ॲपला दोष देतात. आधी तारीख बघा. दमट हवेत चार्जिंगच्या तोंडाशी गंज धरतो, म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब शून्यावर ठेवू नका, साधारण निम्मी बॅटरी ठेवून बंद करा.

---

पेडणे_भाषा

ऐकणाऱ्या ॲपबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गोव्यात तिथेच घोळ होतो.

रीड अलाँग भारतात २०१९ साली 'बोलो' या नावाने आलं, नंतर नाव बदललं. त्यात मराठी आहे, कोकणी नाही. आवाजाची तपासणी टॅबवरच होते, त्यामुळे पुस्तकं उतरवलेली असली तर नेट नसताना चालतं. पण कुठल्याही ऐकणाऱ्या ॲपला मुलाचा उच्चार ठरावीक साच्यात हवा असतो. घरी कोकणी बोलणारं मूल 'मांजर' वाचताना 'माजर' म्हणतं. अक्षर त्याने ओळखलंय, अर्थही कळलाय, फक्त अनुस्वार घरच्या सवयीने गेला. ॲप चूक देतं. दुसरीकडे तेच मूल 'पाणी' लिहिलेलं बघून चित्रावरून 'उदक' म्हणतं. इथे त्याने अक्षरं वाचलेलीच नाहीत. ॲपच्या लेखी दोन्ही चुका सारख्याच, शिक्षकाच्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून एक चाचणी करा. ५० शब्दांचा मजकूर मुलाला ॲपवर वाचू द्या आणि तुम्ही शेजारी बसून कागदावर स्वतंत्र खुणा करा. मग दोन आकडे काढा: बरोबर वाचलेले पण ॲपने चूक ठरवलेले, आणि चुकीचे वाचलेले पण ॲपने बरोबर धरलेले. माझ्या मते ५० मध्ये पहिला आकडा ५ च्या वर गेला तर त्या मुलाला ते ॲप देऊ नये. बरोबर वाचूनही वारंवार चूक ऐकावी लागली की नुकतं वाचायला लागलेलं मूल बोलणंच बंद करतं. दुसरा आकडा मोठा असेल तर चूक पक्की होते. कोकणी, कन्नड आणि मराठी घरांतलं एकेक मूल घेऊन हे करा, सरासरी काढू नका.

वर्गातला गोंगाट हे दुसरं कारण. पाच मुलं पाच टॅबवर एकाच खोलीत मोठ्याने वाचू लागली की शेजाऱ्याचा आवाज पकडला जातो आणि शब्द आपोआप हिरवे होत जातात. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर काहीच पकडलं जात नाही. मुलांना भिंतीकडे तोंड करून, एकमेकांपासून दोन मीटर तरी लांब बसवा. टॅब तोंडापासून वीतभर अंतरावर. माइक असलेले साधे तारेचे हेडफोन मिळाले तर फार फरक पडतो, मात्र टॅबला तारेचं छिद्र आहे का ते आधी बघा. जोराच्या पावसात ऐकणारं ॲप बाजूला ठेवून पुस्तकालयाचं ॲप काढायचं, हे वेळापत्रकातच लिहून ठेवा.

स्टोरीवीव्हर इथे कामाला येतं. २०१५ साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ. पुस्तकं मुक्त परवान्याची, पीडीएफ उतरवून छापताही येतात. चार पातळ्या आहेत: पहिलीत २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६००, तिसरीत १५००, चौथीत त्याहून मोठ्या गोष्टी. त्यावर मराठीबरोबर कोकणी पुस्तकंही आहेत. एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडली तर आधी कोकणीत वाचून दाखवा, मग मुलाला मराठीत वाचू द्या. चित्रं तीच, गोष्ट माहितीची, त्यामुळे सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. कन्नड घरांतल्या तिघांसाठीही कन्नड-मराठी जोडी शोधता येईल.

पातळीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. दुसऱ्या भाषेतून मराठीत आलेल्या पहिल्या पातळीच्या गोष्टीत 'स्वच्छ', 'आश्चर्य', 'तिच्याजवळच्या' असे शब्द निघतात. पहिली तीन पानं घ्या आणि जोडाक्षरं मोजा. दर दहा शब्दांत दोनपेक्षा जास्त जोडाक्षरी शब्द असतील तर ती गोष्ट तुमच्या तिसरीसाठी आज नको, दोन महिन्यांनी.

---

मडगाव_पालक

वर मिनिटाला ६० शब्दांचं आलंय, त्यावर थोडी हरकत आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'शाळेजवळच्या झाडाखाली' हे मोजताना दोन शब्द, इंग्रजीत तेच पाच-सहा होतील. 'घर बघ, फळ बघ' असा मजकूर आणि हा मजकूर यांवरचे ६० शब्द सारखे नाहीत. तेव्हा ॲपने दाखवलेला वेग दोन मुलांच्या तुलनेसाठी वापरू नका, एकाच मुलाची गेल्या महिन्याशी तुलना करा, आणि तीही तेवढ्याच अवघड मजकुरावर. चांदण्या आणि क्रमवारी दाखवायची सोय बंद करता येत असेल तर जरूर बंद करा. चांदण्यांसाठी मुलं सोपं पुस्तक दहादा वाचतात, हे नोंदी उघडल्यावर स्पष्ट दिसतं.

---

फोंडा_वाचनवर्ग

हरकत बरोबर आहे. म्हणूनच मोजायचा उतारा तुम्ही स्वतः ठरवा आणि वर्षभर त्याच अवघडपणाचे चार-पाच उतारे फिरवा. ॲपचा आकडा आणि तुमचा आकडा यांत दहाहून जास्त शब्दांचा फरक येत असेल तर ॲपचा आकडा प्रगतिपुस्तकात लिहू नका.

वेळेचंही सांगते. २३ मुलं, ५ टॅब. एकेकाला टॅब दिला तर पाच गट होतात. रोज १५ मिनिटांच्या दोन तासिका धरल्या तर आठवड्यात प्रत्येकाच्या वाट्याला दोनच येतात. जोडीने बसवलं तर १०, १०, ३ असे तीन गट, म्हणजे आठवड्यात तीनदा पाळी. जोडीत एक वाचतो, दुसरा बोट ठेवून बघतो, पान उलटलं की पाळी बदलते. ऐकणाऱ्या ॲपला मात्र एकच आवाज लागतो, तिथे जोडी चालत नाही. कोविडच्या काळात २०२० साली आलेल्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं म्हटली होती. पण त्या ऑनलाइन वर्गांसाठीच्या सूचना होत्या. वाचनासाठी १५ मिनिटं पुरे, त्यानंतर मुलं नुसती पानं ढकलतात.

---

पणजी_हिशेब

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न. मराठी पुस्तकं किती, त्यांतली पहिल्या पातळीची किती, माणसाच्या आवाजातली किती? 'हजारो गोष्टी' हा आकडा सगळ्या भाषा मिळून असतो. वर्गणी शाळेमागे, टॅबमागे की मुलामागे? वर्गणी संपली की उतरवलेली पुस्तकं उघडतात का? मुलांच्या नोंदी एक्सेलमध्ये काढून मिळतात का? प्रात्यक्षिक त्याच्या टॅबवर नको, तुमच्या टॅबवर, विमान मोडमध्ये, तुमच्या सहा मुलांसह घ्या. महिनाभर वापरायला दिल्याशिवाय सही करू नका.

मुलांच्या माहितीचंही पक्कं करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे 'मूल' धरले आहेत आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींनाही त्यात मनाई आहे. मुलाचा आवाज टॅबवरच राहतो की बाहेर जातो, हे लेखी मागा. माइकची परवानगी समजू शकते, पण ठिकाण आणि संपर्कयादी कशाला हवी? ॲपमध्ये पूर्ण नाव न भरता हजेरी क्रमांक भरा. संमतीपत्र मराठी-कोकणीत साध्या शब्दांत करून पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या.

---

डिचोली_प्राथमिक

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारपासून सहा मुलांची कागदावरची तपासणी सुरू करतो, मग स्टोरीवीव्हरची पुस्तकं उतरवतो, रीड अलाँगची ५० शब्दांची चाचणी त्याच आठवड्यात. विक्रेत्याला शेवटी बोलवू.

एक प्रश्न राहिला. चौथीत दोन मुलं अशी आहेत की सुटी अक्षरंही पक्की नाहीत. त्यांना कुठलं ॲप द्यावं?

---

फोंडा_वाचनवर्ग

त्यांना सध्या ॲप नको. म, क, र, न आणि काना एवढाच गट घ्या, पुठ्ठ्याची कार्डं करा. त्यातून मका, राम, कान, नाक, मान, कार, नारा असे शब्द मुलांनी स्वतः जुळवायचे, मोठ्याने वाचायचे, पाटीवर लिहायचे. रोज दहा मिनिटं, शिक्षकासमोर. गट पक्का झाला की पुढची तीन अक्षरं. टॅब फक्त शेवटची पाच मिनिटं, तुम्ही वाचलेली गोष्ट परत ऐकायला.

आणि ही दोघं पुस्तक किंवा टॅब डोळ्यांपासून किती लांब धरतात ते बघा. नाकाशी नेत असतील किंवा फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघत असतील, तर बाकी सगळं थांबवून आधी आरोग्य केंद्रात डोळे तपासून घ्या.